विकत घेण्याआधीची दुरुस्ती

विकाऊ घर बघायला गेलेला माणूस खिडक्या उघडतो, ऊन कुठून येतं ते विचारतो, शेजारी कसे आहेत याची हळूच चौकशी करतो. आमचा प्लंबर दारातून आत शिरला तो तडक बाथरूममध्ये गेला, गुडघ्यावर बसला आणि नळाच्या पाइपाला कान लावून ऐकायला लागला. घराच्या मालकीणबाई दारातच थबकल्या.

"हे काय चाललंय?" त्यांनी दलालाला विचारलं.

"बघतायत ते. होऊन जाईल," दलाल म्हणाला.

या दलालाला सगळा बाजार 'होऊनजाईल' म्हणूनच ओळखायचा. कागद सापडत नाही, होऊन जाईल. बँक ऐकत नाही, होऊन जाईल. माणूस तसा वाईट नव्हता, पण त्याच्या तोंडून ते दोन शब्द आले की समोरचा आपले कागद पुन्हा मोजायला लागायचा.

तर प्लंबर उठला, स्वयंपाकघरात गेला. तिथला नळ टपकत होता. आता टपकणाऱ्या नळासमोर हा माणूस गप्प उभा राहील? नाव नको. खिशातून वॉशर काढला, पाना काढला, आणि बाई "अहो, राहू द्या" म्हणेपर्यंत नळ बंद करून हात पुसतही होता.

होऊनजाईलनं त्याला बाहेर ओढलं. "अहो शहाणे, त्या नळावर बोट ठेवून मी भाव पाडून घेणार होतो. घर घ्यायला आलात की दुरुस्त करायला?"

"टपकत होता," प्लंबर म्हणाला. त्याच्या दृष्टीनं विषय तिथं संपला होता.

घर होतं मात्र त्याला हवं तसं. तळमजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं फरशी घातलेलं चिमुकलं अंगण आणि अंगणातून थेट गल्लीत उघडणारं फाटक. दारात एकच पायरी. ती एक पायरी बघूनच प्लंबरनं मनातल्या मनात होकार दिला होता. कारण तो स्वतः राहायचा तिसऱ्या मजल्यावर, अठ्ठेचाळीस पायऱ्या चढून, आणि त्याची आई गेली दोन वर्षं त्या अठ्ठेचाळीस पायऱ्या उतरली नव्हती. गुडघ्यांनी दगा दिला होता. दवाखान्यात न्यायच्या ऐवजी डॉक्टरच वर यायचा. आई दिवसभर खिडकीशी बसायची आणि खालच्या माणसांचे टाळू बघायची. "हल्ली मला माणसं डोक्यावरून ओळखू येतात, तोंड विसरले," असं हसून सांगायची. कधी कुरकूर नाही, कधी हट्ट नाही, आणि त्यामुळंच प्लंबरला जास्त लागायचं. वर्षभर घरं बघून त्याच्या नाकी नऊ आले होते. तळमजला मिळाला तर भाव परवडेना, भाव परवडला तर तळमजला नसायचा.

हे घर परवडत होतं, कारण ते आजारी होतं. आतल्या खोलीची बाथरूमकडची भिंत छातीपर्यंत ओली. रंगाचे पापुद्रे सुटलेले, कोपऱ्यात काळी बुरशी, आणि उशीत मुरलेला कुबट वास. मालकीणबाई भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, एकट्याच राहायच्या. बोलता बोलता खोकायच्या.

"डॉक्टर म्हणतात, बाई, घर सोडा नाहीतर खोकला सुटायचा नाही," त्या म्हणाल्या. "तिघांना दाखवलं. एकानं वरून सिमेंट थापलं, एकानं रंग फासला, तिसऱ्यानं पैसे घेतले आणि तोंड दाखवलं नाही. आता भाचीकडे जाईन. तिथं एक पलंग आणि अर्धं कपाट रिकामं केलंय माझ्यासाठी."

हे शेवटचं वाक्य त्यांनी असं सांगितलं, जसं एखाद्या नवख्या पोरानं नकाशावर चुकीच्या जागी बोट ठेवावं आणि आपण काही बोलू नये. प्लंबरचं लक्ष मात्र भिंतीकडं होतं. टोकन दिलं, साधा करार झाला, बाईंनी सही केली, यानं केली. घरी येऊन त्यानं आईला सांगितलं, "एकच पायरी आहे." आईनं दोनदा विचारलं, "एकच?"

आणि इथं माशी शिंकली. बँकेचा इंजिनिअर घर बघायला आला, भिंतीला बोट लावलं, बोट पँटीला पुसलं आणि कागदावर लिहून गेला की ओल काढल्याशिवाय कर्ज नाही.

"बाईंना सांगू, दुरुस्त करून द्या म्हणून," होऊनजाईल म्हणाला.

"बाईंना कुठून जमणार? मी करतो."

"अहो, घर नावावर होण्याआधी त्याला हात लावायचा नसतो! हा आमच्या धंद्यातला पहिला धडा."

प्लंबरची बायकोही तेच म्हणाली. ती मोठ्या दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर बसायची. दिवसाला तीनशे माणसं, तीनशे सबबी, त्यामुळं तिला माणसापेक्षा कागद जवळचा. "शिक्का बसल्याशिवाय काही आपलं नसतं," ती म्हणाली. "करायचंच तर बँकेनं सांगितलं तेवढं करा. भिंत म्हणजे भिंत. कळलं का?"

"कळलं की," प्लंबर म्हणाला.

कळलं कसलं! रोज संध्याकाळी आपली कामं उरकून हा पिशवी घेऊन बाईंच्या घरी. भिंत फोडली. आत जुन्या लोखंडी पाइपाचा एल्बो, म्हणजे वळणावरचा जोड, गंजून चाळणी झाला होता, तिथून पाणी वर्षानुवर्षं झिरपत होतं. नुसता एल्बो बदलला असता तर काम भागलं असतं. पण शेजारच्या जॉइंटवर गंजाचा ठिपका दिसला. तो काढला तर पुढचा. मग अख्खी लाइनच नवी टाकली. मग लक्षात आलं, बाथरूमची फरशी उलट्या उताराची आहे, पाणी जाळीकडं न जाता भिंतीकडं जातंय. फरशी काढली. मग वरच्या टाकीचा कॉक. मग फ्लश. त्याचे हात असे शिवशिवायचे की एक काम संपायच्या आत डोळा दुसऱ्यावर जायचा.

"बँकेनं भिंत सांगितली होती, तुम्ही सगळं घर काढलंत," बायको म्हणायची.

"आपलंच होणार आहे ना?"

"होणार आहे आणि आहे, यात माझी रोजची तीनशे माणसं अडकलेली असतात."

बाई स्टुलावर बसून त्याचं काम बघायच्या. आधी "अहो" होतं, चौथ्या दिवशी "अरे" झालं. एक दिवस त्यानं सगळी लाइन बंद करून हातपंपानं दाब चढवला आणि दाब दाखवणाऱ्या काट्यासमोर उकिडवा बसला.

"हे काय करतोस?"

"परीक्षा घेतोय. कुठं गळत असेल तर काटा खाली येईल."

दोघं तासभर काट्याकडं बघत बसले. काटा जागचा हलला नाही. "पास," बाई म्हणाल्या, आणि इतक्या मोठ्यानं हसल्या की त्यांच्या त्यांनाच नवल वाटलं. त्या दिवशी त्या खोकल्या नव्हत्या. हे प्लंबरच्या ध्यानात आलंच नाही.

घरी तो आईला रोजचं काम सांगायचा. आज लाइन टाकली, आज उतार काढला. आई डोळे मिटून ऐकायची आणि मधेच विचारायची, "अंगणात खुर्ची मावेल ना रे? फाटकाजवळ?" मावेल म्हटलं की पुन्हा डोळे मिटायची.

भिंत सुकली. इंजिनिअर परत आला, बोट लावलं, बोटाकडं बघितलं, आणि या खेपेला पँटीला पुसायची वेळ आली नाही. कर्ज मंजूर. आता फक्त नोंदणीची तारीख घ्यायची.

तारीख मिळेना.

होऊनजाईल म्हणाला, बाईंचा एक जुना कागद सापडत नाहीये. मग म्हणाला, बाईंना बरं नाही. मग म्हणाला, भाची गावाला गेलीय. दर खेपेला वर ते दोन शब्द होतेच. प्लंबर फोन करायचा, बाई उचलायच्या नाहीत. आठवडा गेला, दुसरा गेला. त्याचं कामात लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाकडं गरम पाण्याच्या जागी गार जोडून आला, असं बावीस वर्षांत झालं नव्हतं. जेवताना फोन ताटाशेजारी ठेवायचा. फोन वाजला नाही तरी वाजल्यासारखा वाटायचा. रात्री कूस बदलून बदलून अंथरुणाची दोरी व्हायची.

"जाऊन सोक्षमोक्ष लावा की," बायको म्हणाली. "असे तडफडू नका."

शेवटी एक दिवस काम सोडून तो तिकडं गेला. फाटकापर्यंत गेला आणि थांबला. आतल्या खोलीची खिडकी उघडी होती. खिडकीतून भिंत दिसत होती, तीच भिंत, आणि भिंतीला लावून पुस्तकांचं कपाट उभं होतं. इतके दिवस ते कपाट स्वयंपाकघरात पोत्यांखाली पडलं होतं. त्याच्या वरच्या फळीवर पृथ्वीचा गोल ठेवलेला. आणि भिंतीला रंग दिला होता, फिकट निळा, ताजा.

घर सोडून जाणारा माणूस भिंतीला रंग देतो? प्लंबरच्या तोंडचं पाणी पळालं. फाटकाला हातही न लावता तो मागं फिरला. घरी कुणापाशी चकार शब्द काढला नाही. पण त्या दिवसापासून त्याला बसवेना आणि उभंही राहवेना.

दोन दिवसांनी बाईंचाच फोन आला. आवाज शाळेतला होता, सरळ आणि कोरडा. "रविवारी सकाळी सगळे या. मला समोरासमोर बोलायचंय."

"झालं!" बायको म्हणाली. "तारीख ठरवायला बोलावलंय."

आणि आई म्हणाली, "मी येणार."

"आई, नावावर होऊ दे आधी."

"सही करायच्या आधी एकदा बघते. मग मेले तरी चालेल." दोन वर्षांत म्हातारीनं पहिल्यांदा काही मागितलं होतं. कोण नाही म्हणणार? प्लंबर म्हणू शकला असता. त्याला ठाऊक होतं. पण त्यानं आईच्या चपला शोधायला घेतल्या.

रविवारी आईला लाकडी खुर्चीत बसवलं. प्लंबरनं खालून पुढचे पाय धरले, बायकोनं वरून पाठ धरली, आणि प्रत्येक वळणावर खुर्ची टेकत, दम खात खाली आणली. आई तशी काडीसारखी, तरी बायकोचे हात भरून आले. खालच्या मजल्यावरची बाई दारात आली तर आई तिला म्हणाली, "अगंबाई, तुझं तोंड असं आहे होय!" होऊनजाईलनं गाडी आणली होती. सगळ्या वाटेनं आई काचेला नाक लावून बसली होती.

बाईंच्या फाटकात खुर्ची ठेवली. आईनं चपला काढल्या आणि तळवे फरशीवर टेकवले. "गार आहे," ती म्हणाली. मग गल्लीतून जाणाऱ्या एका अनोळखी माणसाला तिनं विचारलं, "कुठं निघालात?" तो बिचारा थांबला आणि सांगूनही गेला. आईचा चेहरा असा फुलला की प्लंबरला तिकडं बघवेना.

बाकीचे आत गेले. निळी भिंत, कपाट, पृथ्वीचा गोल. बायकोनं ते सगळं एका नजरेत बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. तीनशे माणसांची खिडकी सांभाळणारी बाई ती, तिला सांगायला काही लागलं नाही.

बाई उभ्याच होत्या. "मी फिरवाफिरवी करणार नाही," त्या म्हणाल्या. "मी घर विकायला काढलं, कारण या घरात मला श्वास घेता येत नव्हता. आता येतो. पंधरा दिवस मी खोकले नाहीये. माझी पुस्तकं भिंतीला लागलीत. मी तुला शब्द दिलाय, सही केलीय, आणि मी शब्द मोडणारी नाही. पण एवढी वर्षं या भिंतीनं मला फसवलंय. दर वेळी सुकली म्हणायचे, आणि सहा महिन्यांत पुन्हा ओली. तेव्हा तूच सांग. ही भिंत पुन्हा ओलावणार असेल, तर उद्या मी भाचीकडं जाते, तू तारीख घे. नसेल ओलावणार, तर मी तुझ्यापुढं हात जोडते, मला इथं राहू दे. टोकन, तुझी मजुरी, तुझं सामान, सगळं देईन. तू म्हणशील ते मी मानेन."

होऊनजाईल फरशीच्या सांध्यांकडं बघायला लागला.

प्लंबरची बायको त्याच्याकडं बघत होती. डोळ्यांनीच सांगत होती, आणि काय सांगत होती ते त्याला स्वच्छ ऐकू येत होतं. 'जुनं बांधकाम आहे बाई, सांगता येत नाही.' बस, एवढंच. हे वाक्य तो रोज कुणाला ना कुणाला म्हणायचा. खोटंही म्हणता आलं नसतं कुणाला. बाहेरून आईचा आवाज आला, ती गल्लीतल्या कुणाला तरी सांगत होती, "आम्ही इथं राहायला येणार आहोत."

घाम पुसायला त्यानं बाही कपाळाला लावली आणि तशीच ठेवली. "जुनं," त्यानं सुरुवात केली. "बाई, जुनं बांधकाम..."

बाई ऐकत होत्या. हात घट्ट एकमेकांत धरून, निकाल ऐकायला आलेल्या पोरीसारख्या. प्लंबर भिंतीपाशी गेला. तळवा टेकवला. आत त्यानं स्वतःच्या हातानं घातलेली लाइन होती, एकेक जॉइंट दोनदा तपासलेला. त्या लाइनीला गळकी म्हणायचं? त्यानं तळवा काढून घेतला.

"नाही ओलावणार," तो म्हणाला. "तीस वर्षं तरी नाही. मी टाकलीय ती."

बाई खुर्चीत बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. बायको बाहेर निघून गेली.

परत येताना गाडीत आईनं एकदा विचारलं, "सही झाली का रे?" प्लंबर म्हणाला, "घरी गेल्यावर सांगतो." मग तिनंही विचारलं नाही. होऊनजाईलनं त्यांना दारात सोडलं, प्लंबरचा खांदा दाबला आणि गाडी वळवली.

पहिल्या सोळा पायऱ्या त्यांनी खुर्ची चढवली. वळणावर खुर्ची टेकवली तेव्हा बायको फुटली.

"एक वाक्य! एक वाक्य बोलला असतात तर काय जात होतं? रोज बोलता ना लोकांना, जुनं काम आहे, सांगता येत नाही म्हणून?"

"बोलतो," प्लंबर म्हणाला. "दुसऱ्यांनी केलेल्या कामाबद्दल."

"वा! म्हणजे तुमचं काम मोठं. आणि यांचे गुडघे?" तिनं आईकडं हात केला आणि तिचा आवाज फाटला. "वर्षभर मी सुट्टीच्या दिवशी तुमच्याबरोबर घरं बघत हिंडले. हातचं घर तुम्ही स्वतः दुरुस्त करून दुसऱ्याला देऊन टाकलंत. जगात कुणी केलं नसेल असं!"

ती खरं तेच बोलत होती. त्याला स्वतःचाच असा राग आला होता की स्वतःच्या हातांकडंही बघवत नव्हतं. आई दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. तिला कुणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती.

"उचला," बायको म्हणाली.

आणखी सोळा झाल्या. पुन्हा खुर्ची टेकली. प्लंबर खालच्या पायरीवर वाकून धापा टाकत होता, त्यामुळं त्याचं तोंड आईच्या तोंडासमोर आलं होतं. तिनं कठडा धरला, अगदी घट्ट.

"मला वर नको नेऊस," ती म्हणाली.

दोन वर्षांत तिनं अशी तक्रार एकदाही केली नव्हती. बायकोनं तोंड भिंतीकडं फिरवलं. प्लंबर आईची बोटं कठड्यावरून सोडवायला लागला, एकेक करून, आणि बोटं गार पडली होती.

"आई, सोड ना."

"दुसरं मिळेल का रे? खालचं?" तिनं विचारलं. "खरं सांग."

प्लंबरनं वर्षभर बघितलेली सगळी घरं त्याच्या डोळ्यांपुढून गेली. हे एकच परवडत होतं, आणि ते ओलं होतं म्हणून परवडत होतं.

"मिळेल की," तो म्हणाला, जराही न अडखळता. "महिन्याभरात मिळेल."

आईनं बोटं सोडली. "मग ठीक आहे," ती म्हणाली आणि हात मांडीवर घेतले. बायकोनं नवऱ्याकडं एकदा बघितलं, पदरानं डोळे पुसले आणि खुर्चीची पाठ पुन्हा धरली. अजून सोळा पायऱ्या होत्या.